मोंतेच्या टेकडीवर सहा तारा

शुक्रवारचा म्हापशाचा बाजार आटोपून, मयड्याच्या केळ्यांचा घड शेजाऱ्यांच्या हवाली करून मी जुन्या गोव्याच्या बसमध्ये बसलो, तेव्हा एका पाश्चात्त्य वाद्याच्या मैफलीसाठी एवढी यातायात करणे शहाणपणाचे आहे काय, याविषयी मी पुरता साशंक होतो. गिटार आम्हां गोवेकरांस नवखी नव्हे. मांडोत ती व्हायोलिन आणि घुमट यांच्या पंगतीस बसते, फादोत बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारीमागे उभी राहते, तियात्राच्या कांतारांना ताल पुरविते. पण ही सारी चाकरी झाली. स्वतंत्र सनद मिळाल्याप्रमाणे एकटीने आसनावर बसलेली गिटार मी तोवर ऐकली नव्हती.

मांडवी आणि दिवाडी बेट यांच्याकडे पाहणारे मोंतेचे चॅपेल हे फुंदासांव ओरिएंतच्या संगीतमहोत्सवामुळे श्रोत्यांच्या परिचयाचे झालेले स्थळ. त्या रात्री तेथे ध्वनिक्षेपकाचा बंदोबस्त मुद्दामच केलेला नव्हता. वादकाने डावा पाय छोट्या पाटावर ठेवला, गिटार मांडीवर घेतली, आणि पहिली दोन मिनिटे मला ऐकू आले ते केवळ शेजाऱ्याच्या खुर्चीचे करकरणे.

या वाद्याचे दौर्बल्य हेच त्याचे मर्म आहे. तार छेडताक्षणीच नाद ओसरू लागतो; सतारीप्रमाणे त्याला तरफांचा आधार नाही, आणि मोठी मींड घ्यावी तर पडदे पक्के, सप्तकाचे बारा भाग कायमचे मोजून दिलेले. म्हणून सारी भिस्त लाकडावर. आंतोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने एकोणिसाव्या शतकात पेटी मोठी केली, वरची फळी पातळ ठेवून तिला आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या पट्ट्यांचा टेकू दिला, आणि नाद मुख्यतः या फळीतूनच उपजतो हे सिद्ध करण्यासाठी १८६२ साली पाठ व कडा चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार घडविली! तारा मात्र पुढेही दीर्घकाळ आतड्याच्याच होत्या. दुसऱ्या महायुद्धात ते आतडे शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी खर्ची पडू लागल्यावर नायलॉन पुढे आले, आणि त्याला मान्यता मिळवून देण्यात आंद्रेस सेगोव्हियाचा हात होता. याच सेगोव्हियाने १९३५ साली पॅरिसमध्ये बाखचा व्हायोलिनसाठी रचलेला ‘शाकॉन’ गिटारीवर वाजवून तिला दरबारात खुर्ची मिळवून दिली.

मध्यंतरानंतर अल्बेनिझची ‘आस्तुरियास’ सुरू झाली. रचना मूळची पियानोची. परंतु अंगठा खालच्या सुरांत गत बोलू लागला आणि वरची एक मोकळी तार प्रत्येक स्वराच्या फटीतून तोच एक सूर देत राहिली, तेव्हा मला आमच्या सतारियांची चिकारी आठवली, भान सुटले आणि तोंडून खणखणीत ‘वाहवा’ निघून गेली. सारे सभागृह मजकडे वळले. पुढील रांगेतील एका वृद्ध बाईंनी ओठांवर बोट ठेवले. बैठकीत दाद न देणारा अरसिक ठरतो, आणि येथे दाद देणारा गुन्हेगार. मी मुकाट्याने आरोप मान्य केला.

अखेरीस तार्रेगाची ‘अलहाम्ब्राच्या आठवणी’. येथे अंगठा खालचा स्वर देतो आणि लगेच अनामिका, मधली व तर्जनी एकाच तारेवर इतक्या त्वरेने उतरतात, की विझणारा प्रत्येक नाद विझण्यापूर्वीच पुन्हा पेटतो आणि तुटक ठोक्यांतून अखंड धार झाल्याचा भास होतो. माणसाने लाकडाच्या उणिवेवर केलेली ही कुरघोडी डोळ्यांसमोर घडत असता, ध्वनिक्षेपक का नव्हता आणि बोट ओठांवर का गेले, हे मला उमगले: पुढच्या स्वरास जागा हवी होती, आणि माझ्या वाहवेने ती व्यापली असती.

शेवटचा स्वर फळीत जिरला. खाली मांडवीवरून एका होडीच्या यंत्राचा आवाज आला नि गेला, तरी कोणी टाळी वाजविली नाही. तेव्हा त्या बाई मागे वळल्या आणि हलकेच म्हणाल्या, “आतां म्हणात!”