डेर, डी आणि डास!

जर्मनच्या ए-वन परीक्षेत पास व्हायला 100 पैकी 60 मार्क लागतात. माझ्या रूममेटला 54 पडले. (तिला विचारूनच लिहितेय!) नर्सिंग झाल्यावर तिला जर्मनीत जायचंय. पहिल्या वेळची फी बाबांनी भरली होती. दुसऱ्या वेळची ती शिकवण्या घेऊन जमवतेय आणि घरी सांगितलंय, ‘निकाल यायचाय अजून’.

तिचं घोडं अडलं होतं शब्दांवर. आपलं जसं तो-ती-ते, तसं जर्मनमध्ये डेर-डी-डास. (हो, डासच. यावर हसून झालंय आमचं.) तीन लिंगांची सवय आपल्याला आहेच, मग सोपं जायला हवं ना? तिथेच तर गोची आहे. आपला सूर्य ‘तो’, त्यांचा ‘डी’, म्हणजे ती. आपली खुर्ची ‘ती’, त्यांची ‘डेर’. चमचा डेर, काटा डी, सुरी डास. एका ताटाभोवती तिन्ही लिंगं!

मग ठरवलं, गेम बनवू. मेमरी गेम आपण सगळेच लहानपणी खेळलोय. कार्डं पालथी मांडायची, दोन उघडायची, जोडी जमली तर आपली. जुन्या लग्नपत्रिका कापून 32 कार्डं केली. मागून सारखी दिसावीत म्हणून सगळ्यांना ब्राउन पेपर चिकटवला. 16 कार्डांवर चित्रं, 16 वर आर्टिकलसकट शब्द. रात्री दोनपर्यंत खेळलो. सकाळी विचारलं, तर मॅडमना ‘खिडकी डाव्या कोपऱ्यात होती’ एवढंच आठवत होतं!

चूक गेममध्येच होती. आर्टिकल कार्डवर लिहिलेलंच असेल, तर डोक्याला काम काय? रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच दाखवलं होतं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला होता.

म्हणून व्हर्जन टू. कार्डावरचं आर्टिकल खोडलं. जोडी जमली की आधी आर्टिकल मोठ्याने सांगायचं, मग त्या शब्दाचं एक वाक्य. चुकलं की कार्डं परत पालथी. उत्तरांची यादी तिसऱ्या मैत्रिणीकडे. चुकलेले शब्द दुसऱ्या दिवशीच्या डावात हमखास घ्यायचे.

तुम्हालाही बनवायचाय? जपानी, फ्रेंच, काहीही चालेल. सुरुवात आठ जोड्यांनी करा. मोबाइलवर हवा असेल तर ‘एचफाइव्हपी’मध्ये कोडिंग न येताही मेमरी गेम तयार होतो, कार्डांना आवाजही जोडता येतो. फक्त उत्तर कार्डावर लिहू नका!

रूममेटची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काल मेसमध्ये चमचा उचलताना ती स्वतःशीच पुटपुटली, ‘डेर ल्योफेल’. मग जरा थांबून म्हणाली, ‘रविवारी बाबांना फोन करते. 54 चं सांगून टाकते.’