१०८ ची गाडी येईपर्यंत

पहाटे तीनच्या सुमारास घरातील आजोबांना दरदरून घाम सुटतो, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटू लागते. आजी ओवा देतात, पाठीला तेल चोळतात. ‘मुलाला सकाळी कामावर जायचे आहे, उगीच कशाला उठवा’ या भिडेपोटी तास जातो. मग मुलगा उठतो, ओळखीच्या डॉक्टरांना दूरध्वनी लावतो, रिक्षा शोधतो आणि सर्वांत शेवटी १०८ ची आठवण होते. रुग्णवाहिका किती मिनिटांनी आली, हे आपण पुढे वर्षानुवर्षे सांगत राहतो. तिला बोलावण्यापूर्वी किती वेळ गेला, ते मात्र कोणी मोजत नाही.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांतील २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक साधनांच्या, उरलेल्या ७०४ मूलभूत उपचारांच्या. अनेक राज्यांत गाडीबरोबर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. आपल्याकडे डॉक्टर असतात, बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. राज्यभरातील दूरध्वनी पुण्यातील नियंत्रण कक्षात घेतले जातात, हे ध्यानात ठेवण्याजोगे. ‘मारुतीच्या देवळामागे’ ही खूण गावात पुरते. पुण्यात बसलेल्या माणसाला आधी जिल्हा, तालुका, गाव आणि मग देऊळ असा क्रम लागतो. रुग्णाचे वय, शुद्ध, श्वास यांविषयीचे प्रश्न ऐकून घरचे चिडतात. ते स्वाभाविकच, परंतु काय पाठवायचे आणि कोठे, हे त्या उत्तरांवरूनच ठरते.

गाडीतून उतरतात ती बहुधा दोनच माणसे: डॉक्टर आणि चालक. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावत नाही. मग रुग्णाला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून तीन-तीन जिने उतरवावे लागतात. शेजारचे दोन तरुण हाताशी असले तर केवढा फरक पडतो! रुग्णालयात पोहोचल्यावरही सुटका नसते. खाट रिकामी नसेल, तर रुग्ण ताब्यात घेतला जाईपर्यंत स्ट्रेचर तेथेच अडकते आणि तेवढा वेळ गाडी दुसऱ्या कोणाच्या दारी जाऊ शकत नाही. ही कामे करणाऱ्यांच्या नेमणुका बहुतांशी कंत्राटी आहेत. आपत्कालीन तंत्रज्ञांच्या व्यवसायाला देशपातळीवर कायद्याची चौकट लाभली, तीही २०२१ साली. ज्याच्या हाती आपण आपला माणूस सोपवतो, त्याच्या नोकरीच्या शाश्वतीविषयी आपण फारच कमी बोलतो.

या डॉक्टरांचा एक प्रश्न घरच्यांना हमखास गोंधळात टाकतो: ‘यांना शेवटचे अगदी ठीक केव्हा पाहिले?’ तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रुग्ण सकाळी उठला तोच असा असेल, तर घड्याळ उठल्यापासून नव्हे, तो आदल्या रात्री ठीक होता त्या क्षणापासून धरतात. ‘मघाशीच झाले’ हे उत्तर म्हणूनच उपयोगाचे नाही. रात्री दहाला स्वतः चालत जाऊन पाणी प्यायले, असे सांगणारी सून किंवा रात्रपाळीची बाई त्या क्षणी फार मोलाची ठरते.

दुसरा प्रश्न औषधांचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, इन्सुलिन घेतात का, हे कळल्याखेरीज पुढचे उपचार अडतात. रक्तातील साखर फार उतरली, तरी वृद्ध व्यक्ती बरळते, क्वचित एक बाजू लुळी पडते. म्हणून बोट टोचून साखर तपासणे आधी. (शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात साखरपाणी किंवा गंगाजल घालू नये; ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.) औषधांची नावे, मात्रा, जुने आजार आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, एवढे एका कागदावर ठळक लिहून फ्रिजच्या दारावर लावावे. गोळ्यांचा डबा मात्र सोबत द्यावाच. कागद जुना झालेला असतो.

बाहेरचा दिवा लावावा, कुत्रा बांधावा, कोणीतरी विजेरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे. आजींना घरी एकट्या सोडून सगळेच गाडीत बसू नये. तिकडे रुग्णालयाच्या दारात गाडीतील चादर बदलली जाते, प्राणवायूच्या सिलिंडरचा काटा पाहिला जातो, आणि चहा हाती येतो न येतो तोच पुन्हा पुण्याहून दूरध्वनी वाजतो.