जमीन नसलेल्या पुढाऱ्याचा अधिकार

ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यातल्या तेरेना आदिवासींबद्दल एक समज सरकारदरबारी मुरलेला आहे. गाव सोडून शहरात आलेला तेरेना फार काळ आदिवासी राहत नाही, तेव्हा त्याच्या पुढाऱ्याला पुढारी मानण्याचेही कारण नाही, असा तो समज. इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. 1864 ते 1870 च्या पाराग्वे युद्धात तेरेना ब्राझीलच्या बाजूने लढले. परतले तेव्हा त्यांच्या जमिनी मोठ्या जमीनदारांनी बळकावल्या होत्या, आणि पुढच्या पिढ्या त्याच रानांत कर्जापायी राबल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांना राखीव जागा मिळाल्या, पण वाढत्या लोकसंख्येला अपुऱ्या. बुरितीची राखीव जागा जेमतेम दोन हजार हेक्टरांची. 2010 मध्ये सरकारनेच 17,200 हेक्टरांवर त्यांचा हक्क जाहीर केला, पण प्रत्यक्ष ताबा काही आला नाही. मे 2013 मध्ये तिथल्या जमिनीवरून हुसकावले जात असताना ओझिएल गाब्रिएल हा तेरेना गोळी लागून मेला. शहराची वाट या कोंडीतून निघाली आहे.

राज्याची राजधानी काम्पो ग्रांदे. तिथल्या बाजारात तेरेना बायका गावाकडचा कसावा आणि हंगामात ग्वाविराची फळे विकतात. गाव आणि शहर यांचे दळणवळण कधी तुटलेलेच नाही. रॉबेर्तो कार्दोझो दे ओलिव्हेरा या मानववंशशास्त्रज्ञाने 1968 च्या आपल्या ग्रंथात हे नाते शहरातही टिकते असे दाखवले होते. 1995 मध्ये काही कुटुंबांनी शहरातली मोकळी जागा धरली आणि तिथे मार्साल दे सौझा ही वस्ती उभी राहिली. नाव 1983 मध्ये खून झालेल्या ग्वारानी नेत्याचे, वस्ती मुख्यतः तेरेनांची. तिच्या कासिकपदावर, म्हणजे प्रमुखपदावर, एनिर बेझेर्रा ही स्त्री आली. अशा प्रमुखाच्या हाती वाटायला जमीन नसते. घरांसाठी नगरपालिकेत खेटे घालायचे, तरुणांना विद्यापीठातल्या राखीव जागेसाठी समाजाचा दाखला मिळवून द्यायचा, एकाच वस्तीत आलेल्या वेगवेगळ्या गावच्या कुटुंबांत समेट घडवायचा, यावरच त्याचा शब्द चालतो. हा अधिकार रोज कमवावा लागतो.

यावर आक्षेप असा, की मग हा कासिक म्हणजे रहिवासी मंडळाचा अध्यक्षच झाला. पण मंडळाचा अध्यक्ष वस्तीची हद्द सांभाळतो. कासिकाला वस्तीबाहेर विखुरलेल्या आप्तांचे आणि मागे राहिलेल्या गावाचेही उत्तर द्यावे लागते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. शहरात गट पडतात, एकाच वस्तीत दोघे कासिक म्हणवून घेतात, निवडणुकीच्या दिवसांत पक्ष त्यांना जवळ करतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दरवेळी कोणाशी बोलायचे हे अधिकारी आपल्या सोयीने ठरवत असतील, तर फूट पाडण्यात त्यांचाही हात आहेच.

शहरात आलेला आदिवासी आदिवासी राहत नाही, या समजाची किंमत कोविडच्या काळात लख्ख दिसली. आदिवासींसाठीची वेगळी आरोग्यसेवा प्रामुख्याने गावांपुरती होती, लसीकरणातला अग्रक्रमही आधी गावांनाच मिळाला. 2022 च्या जनगणनेत ब्राझीलमधले सुमारे 17 लाख आदिवासी नोंदले गेले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक शहरांत राहतात. आरोग्यसेवेच्या या प्रश्नावर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आदिवासी संघटनांची बाजू मांडली ती एलोय तेरेना या तेरेना वकिलाने. सर्वसाधारण रुग्णालयांची दारे बंद असतील तिथे शहरी आदिवासींनाही ही वेगळी आरोग्यसेवा द्यावी, असे न्यायालयाने मान्य केले. संविधान 1988 पासून आदिवासींच्या सामाजिक संघटनेला आणि चालीरीतींना मान्यता देते; ती मान्यता फक्त राखीव हद्दीत लागू आहे, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.