वापरलेलं पाणी जातं कुठं?

१३ जानेवारी २०१८. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सहा हजारांवर अकोलेकर मोर्णेच्या काठी उतरले. चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी जलपर्णी उपसली गेली, पुढं दर शनिवारी उपसायचं ठरलं, आणि महिनाअखेरीस पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं कौतुक केलं. लोकांचा उत्साह खराच होता. पण जलपर्णी पोसली जाते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. नाले तसेच वाहू देऊन ती उपटायची म्हणजे एका हातानं युरिया फेकायचा आणि दुसऱ्यानं निंदण करायचं.

वऱ्हाडातल्या नद्यांचं दुखणं कळायचं तर आधी पाण्याची वाट बघावी. अकोला महानच्या धरणातलं काटेपूर्णेचं पाणी पितो आणि वापरून मोर्णेत सोडतो. मोर्णेचं स्वतःचं पाणी वर पातूरकडं अडलेलं. मग उन्हाळ्यात शहरातून वाहतं त्याला नदी म्हणायचं ते सवयीनं. अमरावतीची गोष्ट आणखी विलक्षण. तिथं पाणी येतं सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून, म्हणजे गोदावरी खोऱ्यातून. वापरून झालं की अंबा नाल्यानं पेढीत, पेढीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत. बंगालच्या उपसागराकडं निघालेलं पाणी अमरावतीकरांच्या मोऱ्यांतून अरबी समुद्राकडं वळतं! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. मोर्णा आणि पेढी दोघी त्यात आहेत.

श्रावणात अकोल्याचे कावडधारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालतात. पेढी गांधीग्रामच्या वरच्या अंगालाच पूर्णेला मिळते. अधिक काय सांगावं?

त्यात हा खारपाणपट्टा. विहिरीला लागलेलं पाणी खारं, त्यामुळं नदी नासली तर गावाला दुसरा आसरा नाही.

कारखान्यांच्या सांडपाण्यावर नजर हवीच, त्यात वाद नाही. पण इथं उद्योगांशी मोठं भांडण झालं ते पाणी उचलण्यावरून. नांदगाव पेठच्या १,३५० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पाला सिंभोऱ्याचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा सिंचनाचा अनुशेष मोजत बसलेला जिल्हा पेटला. नागपुरानं वेगळी वाट काढली: भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना. २०१६ च्या वीजदर धोरणानं तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी तेच पाणी वापरावं, असं बंधन घातलं. अकोल्याहून पारसचं आणि अमरावतीहून नांदगाव पेठचं वीजकेंद्र या अंतराच्या पुष्कळ आत आहे. या वाटेनं धरणाचं पाणी शेताला उरेल आणि नाल्याची घाण नदीत जाणार नाही.

एक गाठ मात्र उरते. सांडपाणी सगळंच वीजकेंद्राकडं गेलं तर चैत्रात मोर्णेत वाळू आणि दगडच राहतील. नदी वाहती ठेवायची तर वरच्या धरणातून तिच्यासाठी पाणी सोडावं लागेल, आणि तिथं कालव्याखालचा संत्रा-गव्हाचा शेतकरी आधी आपल्या पाळीचं पाणी मागेल. त्याचं तरी काय चुकलं?