वाण्याचे दुकान आणि हमरस्त्यावरचा बाजार

गावातले एखादे दुकान बंद पडले तर पेपरात बातमी येत नाही. पण गावातले शेवटचे दुकान बंद पडले तर? इटलीच्या खेड्यांत हा प्रश्न गेली तीसेक वर्षे गावोगाव उभा आहे. त्याची तिथे जी काही उत्तरे शोधली गेली, ती आपल्या शेतकऱ्याने आणि दुकानदाराने ऐकून ठेवावीत अशी आहेत.

इटली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रोम, व्हेनिस आणि पिसाचा कलता मनोरा येतो. पण हा देश छोट्या गावांचा आहे. तिथल्या गावकारभाराला 'कोमूने' म्हणतात. आपली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका म्हणा ना! असे जवळजवळ ७,९०० कोमूने देशात आहेत आणि त्यांतले साडेपाच हजारांच्या आसपास पाच हजारांहून कमी वस्तीचे आहेत. देशातल्या दर सहा माणसांतला एक अशा गावात राहतो.

अशा गावाचा नकाशा ठरलेला. मधे चौक, चौकात चर्च, समोर 'बार'. हा बार म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे हं! सकाळची कॉफी, पाव, वर्तमानपत्र आणि गावच्या गप्पा, असा सगळा पारावरचा कारभार तिथे चालतो. शेजारी किराणा दुकान, त्याला 'आलिमेंतारी' म्हणतात. छताला टांगलेले खारवलेले मांस, फळीवर चीजचे गरगरीत चाक, शेवयांची पाकिटे, तेल, साबण, सगळे एका खोलीत. माल 'एत्तो'च्या हिशेबाने मागायचा. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. आपल्याकडे छटाक-पावशेर मागत तसेच. उधारीची छोटी वहीसुद्धा होती, महिनाअखेर हिशेब चुकता व्हायचा. वाणी कुठलाही असो, वही सुटत नाही!

आणखी एक दुकान असते 'ताबाक्की'चे. दारावर मोठा 'टी' अक्षर लिहिलेला फलक. पूर्वी मीठ आणि तंबाखू या दोन्हींची मक्तेदारी तिथे सरकारकडे होती, म्हणून जुन्या पाट्यांवर अजून 'मीठ आणि तंबाखू' असे लिहिलेले दिसते. मिठावरचा सरकारी हक्क म्हटल्यावर आपल्याला दांडी आठवल्याशिवाय राहत नाही. इटलीत ही मिठाची मक्तेदारी १९७०च्या दशकात उठली. आज या दुकानात तिकिटे मिळतात, वीजबिलसुद्धा भरता येते.

आणि आठवडी बाजार! तो तर हुबेहूब आपलाच. आज या गावाचा वार, उद्या पलीकडच्या. व्यापारी मोटारी घेऊन पहाटे येतात, गाडीची एक बाजू वर उचलली की दुकान तयार. भाजी, चीज, कापडचोपड, चपला, भाजलेली कोंबडी. दुपारी जेवणवेळेपर्यंत चौक पुन्हा मोकळा. या फिरत्या व्यापाऱ्यांना तिथे 'आंबुलांती' म्हणतात.

मोठा बाजार कसा आला?

इटलीतल्या मोठ्या साखळी दुकानांपैकी एक एस्सेलुंगा. तिचे पहिले सुपरमार्केट मिलान शहरात १९५७ साली उघडले, त्यात अमेरिकेच्या रॉकफेलरचे भांडवल होते. पण खेड्यांपर्यंत हे वारे पोहोचायला बराच काळ गेला. १९७१ च्या कायद्याप्रमाणे दुकान काढायला परवाना लागे, आणि कोणत्या भागात किती दुकाने असावीत याचा आराखडा कोमूने करी. त्यामुळे जुन्या दुकानदाराला आडोसा होता. नव्याला मात्र वाट अडलेली.

१९९८ साली उद्योगमंत्री पिएर लुइजी बेर्सानी यांनी हा कायदा मोडीत काढला. नव्या कायद्याने दुकानांचे आकारावरून तीन वर्ग केले. दहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात दीडशे चौरस मीटरपर्यंतचे दुकान 'शेजारचे दुकान' ठरले. त्याला परवाना नको, कोमूनेला कळवायचे आणि तीस दिवसांनी उघडायचे. दीड हजार चौरस मीटरच्या वरचे ते मोठे दुकान. त्याची परवानगी प्रदेश, जिल्हा आणि कोमूने यांनी मिळून बसून द्यायची.

कागदावर हे ठीकच होते. लहानाची दगदग संपली, मोठ्यावर लगाम राहिला. प्रत्यक्षात झाले वेगळे. मोठ्या बाजाराला जागा लागते, ती महामार्गाच्या फाट्यावर स्वस्त मिळते. ज्या कोमूनेच्या हद्दीत तो उभा राहतो तिला बांधकामाचे शुल्क मिळते, मालमत्ता कर मिळतो, चार पोरांना नोकरी लागते. मग ती कोमूने नाही कशाला म्हणेल? पण गिऱ्हाईक येते आजूबाजूच्या दहा गावांतून. एका गावाच्या तिजोरीत भर आणि दहा गावांच्या वाण्यांच्या गल्ल्यात खोट, असा हा हिशेब झाला.

याची कमाल पाहायची तर सेर्राव्हाल्ले स्क्रिव्हियाला पाहावी. पिएमोंते प्रदेशातल्या या लहानशा गावी २००० साली देशातले पहिले 'आउटलेट' केंद्र उघडले. नामांकित कंपन्यांचे कपडे, पादत्राणे सवलतीत विकणाऱ्या दुकानांची ही वसाहतच. पुढे २००६ साली फ्लॉरेन्सच्या उत्तरेला बार्बेरिनो दि मुजेल्लो इथे तसेच केंद्र झाले, तेही जुन्या तोस्काना खेड्याच्या बांधणीचे. रंगीत घरे, गल्ल्या, पूल. तिथे सगळे आहे, फक्त कोणी राहत नाही. खऱ्या खेड्यातली दुकाने बंद होत असताना महामार्गाच्या कडेला दुकानांचे लटके खेडे उभे राहिले!

२०१२ पासून दुकानांच्या वेळांवरचे निर्बंधही देशभर उठले. रविवार असो की सण, उघडे ठेवायची मुभा सगळ्यांनाच मिळाली. पण मोठ्याकडे पाळ्यांवर काम करणारी माणसे असतात. नवरा-बायको दोघांनी चालवलेल्या दुकानाने रविवारी उघडायचे तर विसावा कधी घ्यायचा?

दोष कुणाचा?

सगळा दोष मोठ्या बाजाराला देणे सोपे आहे, पण खरे नाही. लोक तिथे आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या गाडीने गेले. माल स्वस्त, निवड भरपूर, गाडी लावायला जागा, हिवाळ्यात ऊब. दोघेही नोकरी करणाऱ्या जोडप्याला शनिवारी एकदाच जाऊन आठवड्याचा बाजार उरकता येतो. गावातल्या वाण्याकडे तोच डबा महाग पडतो, कारण तो घाऊक माल थोडा घेतो. यात त्याचीही चूक नाही.

अडचण अशी की गाडीवाली घरे गेली म्हणजे उरलेल्या गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही. आणि उरलेले कोण? म्हातारी माणसे. इटलीत चारांतला एक माणूस पासष्टीच्या आसपास किंवा पुढचा, डोंगरातल्या गावांत तर त्याहून जास्त. ज्याला गाडी चालवता येत नाही त्याला एक लिटर दुधासाठी शेजाऱ्याची विनवणी करावी लागते. दोन दिवस अमुक आजी दुकानात आली नाही हे ध्यानात घेणाराही वाणीच होता. त्याचा मोबदला कुठल्या बिलात लावलेला नसतो.

व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना कॉनफकोमेर्चो हिच्या अहवालाप्रमाणे २०१२ ते २०२४ या काळात देशातली जवळजवळ १ लाख १८ हजार किरकोळ दुकाने नाहीशी झाली. फिरते व्यापारीही सुमारे २३ हजारांनी घटले. म्हणजे दुकान गेले तर आठवडी बाजार आहेच, हा दिलासाही पुरा राहिलेला नाही.

शेतकऱ्याच्या वाट्याला काय?

मोठा बाजार आला की खरेदीही मोठी होते. मूठभर साखळ्यांची मध्यवर्ती खरेदी केंद्रे भाव ठरवू लागतात. इटलीत एक रीत फार बदनाम झाली होती, 'दुहेरी उतरता लिलाव'. टोमॅटोचा रस किंवा तेल घ्यायचे तर पुरवठादारांकडून आधी भाव मागवायचे. त्यातला सगळ्यात कमी भाव हा दुसऱ्या फेरीचा चढा भाव धरायचा, आणि तिथून आणखी खाली बोलायला लावायचे! हा तोटा कारखानदार स्वतः सोसत नाही, तो शेवटी बांधावर येतो. शेतमालाचे असे लिलाव २०२१ च्या कायद्याने बंद केले. नाशवंत मालाचे पैसे तीस दिवसांत द्यायचे बंधनही त्याच कायद्यात आहे. ते युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशावरून आले.

थेट विक्रीची वाट त्याआधीच मोकळी झाली होती. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला माल किरकोळीने विकायची मुभा दिली, आणि २००७ साली कृषिमंत्रालयाने शेतकरी बाजारांचे नियम ठरवले. आज अनेक शहरांत हे बाजार भरतात. आपल्याकडचे शेतकरी आठवडे बाजार आठवावेत.

गावाने चालवलेले दुकान

मग गावातल्या दुकानाचे काय? १९९८ च्याच कायद्यात एक कलम होते, त्याकडे लक्ष कमी गेले. तीन हजारांखालच्या वस्तीत आणि डोंगरी भागात एकाच छपराखाली किराणा आणि इतर सेवा देणारी केंद्रे काढावीत, आणि त्यांना प्रादेशिक व स्थानिक करांत माफी देता यावी, असे ते कलम. २०१७ साली पाच हजारांखालच्या गावांसाठी खास कायदा झाला. त्यानेही अशा केंद्रांना आणि जवळच्या शेतमालाच्या विक्रीला उत्तेजन दिले. पण तरतूद सात वर्षांची मिळून दहा कोटी युरोंची. साडेपाच हजार गावांत वाटली तर गावाला जेमतेम अठरा हजार युरो येतात. एवढ्यात दुकानाचे छप्पर शाकारून होईल, दुकान चालणार नाही.

म्हणून सुक्किसोची गोष्ट महत्त्वाची. उत्तर इटलीच्या रेज्जो एमिलिया जिल्ह्यात, आपेन्निनो डोंगरात हे चिमुकले गाव आहे. हिवाळ्यात मोजून साठ-सत्तर माणसे. गावातले दुकान आणि बार बंद झाल्यावर १९९१ साली तिथल्या काही मंडळींनी सहकारी संस्था काढली. आधी दुकान आणि बार पुन्हा सुरू केले. तेवढ्यावर भागेना, म्हणून पाहुण्यांसाठी खोल्या आणि खाणावळ काढली, मेंढ्या पाळल्या, चीज करायला घेतले. संस्थेची छोटी बस शाळेच्या मुलांना नेते-आणते. म्हाताऱ्यांना औषधे आणून द्यायचे कामही संस्थेची माणसे करतात. गावाच्या गरजेचे दुकान गावाच्याच मालकीचे.

यातली मेख ध्यानात घ्या. नुसत्या किराण्यावर ते दुकान आजही तगले नसते. खाणावळीचा नफा दुकानाची तूट भरून काढतो, आणि दुकान आहे म्हणून गाव राहते.

एक शेवटची गोष्ट. ज्या मोठ्या बाजारांनी वाणी घालवले, तेही आता निर्धास्त नाहीत. ओशां ही फ्रान्सची बलाढ्य साखळी तोट्यामुळे २०१९ साली आपला इटलीतला धंदा विकून निघून गेली. घरबसल्या माल मागवणाऱ्यांनी मोठ्या दुकानांचेही गिऱ्हाईक तोडले आहे. मोठ्याला परवडेनासे झाले की तो कुलूप लावून दुसरीकडे जातो. गावाला जाता येत नाही. आणि तोवर वाणी गेलेला असतो, त्याचा पोरगा शहरात नोकरीला लागलेला असतो.

तेव्हा तालुक्याच्या रस्त्यावर मोठे दुकान झाले तर तिथे जरूर जावे, चार पैसे वाचवावेत. पण मीठ-मिरची, काडेपेटी तरी गावातच घ्यावी. आपल्या दारचे दुकान उघडे राहावे, यासाठी भरलेली ती वर्गणी समजावी.