मेळघाटात गवतही बघा!

धारणीहून हरिसालमार्गे सेमाडोहला जाताना सगळ्यांची नजर वाघाला शोधत असते. माझी नजर गवतावर असते. बोरी, कोहा, कुंड ही गावं २००० नंतर जंगलाबाहेर वसली आणि त्यांच्या शेतांची हळूहळू कुरणं झाली. आज तिथं चितळ, सांबर, गवे चरतात.

पण पडीक शेताचं आपोआप कुरण होत नाही. आधी येतो तरोटा. कोवळा असताना आपण त्याची भाजी आवडीनं खातो, चितळ मात्र त्याला तोंड लावत नाही. म्हणून शेंगा धरण्याआधीच तो मुळासकट उपटावा लागतो, घाणेरीचंही तसंच. मग मारवेल, शेडा, पवन्या ही चांगली गवतं जोर धरतात. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा राखाव्या लागतात. हे अंगमेहनतीचं काम आहे आणि मला ते व्याघ्रगणनेइतकंच मोलाचं वाटतं.

कुरणाच्या कडेच्या सागावर नीट बघा. १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा मेळघाटात आहे, आणि तो भरदिवसा शिकार करतो!

जाताना विडी-काडी नको. कपड्यांना चिकटलेली कुसळं, बिया जंगलात झटकू नका, गाडीतच काढून पिशवीत ठेवा.