परदेशप्रवासाचा व्हिसा आणि शेतकऱ्याचीं कागदपत्रें

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील शेतकरी परदेशीं जाऊं लागला आहे, ही गोष्ट आतां नवलाची राहिली नाहीं. कोणाचा मुलगा जर्मनींत शिकतो, कोणाची मुलगी व जांवई अमेरिकेंत नोकरीस आहेत, कोणास हॉलंडांतील कांचगृहांची शेती पाहावयाची असते, तर कोणी राज्य शासनाच्या कृषि खात्यातर्फे निघणाऱ्या अभ्यासदौऱ्यांत नांव घालतो. जाण्याची इच्छा आहे, पदरीं पैसाही आहे. परंतु व्हिसाचा अर्ज नामंजूर होतो, फी बुडते, आणि चारचौघांत मान खालीं घालावी लागते ती निराळीच. महसूल खात्याच्या दप्तरांत आमची उमर गेली असल्यामुळें अशीं कागदपत्रें पाहावयास अनेक गृहस्थ आमच्याकडे येतात. त्यांवरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, नकाराचें कारण बहुधा गरिबी नसते. शेतकऱ्याची खरी स्थिति त्याच्या कागदांतून परक्या अंमलदारास दिसत नाहीं, हें असतें. यास्तव हा विषय येथें मुळापासून सांगण्याचें योजिलें आहे.

पासपोर्ट आणि व्हिसा यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. पासपोर्ट हा आपल्याच सरकारनें दिलेला ओळखीचा व नागरिकत्वाचा दाखला होय. तो १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणें मिळतो. व्हिसा म्हणजे ज्या देशीं जावयाचें त्या देशाच्या सरकारची प्रवेशाविषयींची पूर्वपरवानगी. पहिला मागण्याचा आपणांस कायद्यानें मार्ग आहे. दुसरा देणें न देणें ही घरधन्याची मर्जी. नांदेडास सचखंड श्री हुजूर साहिबाच्या दर्शनास परदेशांतून यात्रेकरू येतात. त्यांतील परकीय नागरिकांसही हिंदुस्थानचा व्हिसा काढावा लागतो. जो नियम आपण पाहुण्यास लावितों, तोच पाहुणा आपणांस लावितो, इतकेंच.

प्रथम पासपोर्ट. त्यासाठीं आतां दूरच्या शहरीं खेटे घालण्याची गरज राहिली नाहीं. नांदेड व लातूर येथें टपाल कचेरींतच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. प्रौढ मनुष्याच्या ३६ पानी पासपोर्टास साधारण मार्गानें १५०० रुपये फी पडते व तो १० वर्षे चालतो. येथें सर्वांत मोठी काळजी नांवाची घ्यावी. आपल्याकडे सातबाऱ्यावर नांव, वडिलांचें नांव व आडनांव अशी ओळ असते. आधारावर कोठें आडनांव आधीं, कोठें वडिलांचें नांव गाळलेलें. बँकेच्या पुस्तकांत नुसतीं आद्याक्षरें. गांवांत तलाठ्यापासून कोतवालापर्यंत सर्वांस ठाऊक असतें कीं हीं तिन्ही नांवें एकाच इसमाचीं. वकिलातीच्या अंमलदारास हीं तीन माणसें वाटतात. म्हणून पासपोर्टाचा अर्ज करण्यापूर्वींच आधार, पॅन, बँक व सातबारा हीं चार कागदपत्रें शेजारीं शेजारीं मांडावीं. सातबाऱ्यावर लेखनाची चूक असल्यास ती तहसील कचेरींत रीतसर अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी. वडील वारले असून जमीन अद्याप त्यांच्याच नांवें असेल, तर वारसाचा फेरफार मंजूर करून घ्यावा. हें काम चार दिवसांत होत नाहीं. तें प्रवासाच्या वर्षभर आधीं काढावें हें बरें.

आतां व्हिसाकडे वळूं. सर्व देशांचे नियम सारखे नाहींत. नेपाळांत जाण्यास हिंदी नागरिकास व्हिसा लागतच नाहीं. युरोपांतील २९ देशांनीं मिळून ‘शेंगेन’ नांवाचा एक व्हिसा ठरविला आहे. हॉलंड, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड हे त्यांत येतात. इंग्लंड व आयर्लंड हे त्यांत नाहींत. तेथें जाणाऱ्यानें निराळा व्हिसा काढावा. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत अधिकांत अधिक ९० दिवस राहतां येतें. अर्ज कोणत्या देशाकडे करावा याचा नियम सोपा आहे: जेथें मुख्य मुक्काम, तेथें. हॉलंडांत सहा दिवस व जर्मनींत तीन दिवस राहावयाचें असेल तर अर्ज हॉलंडकडे. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशांत प्रथम पाऊल पडेल त्याकडे. अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो असें ऐकून तेथें अर्ज करावयाचा व जावयाचें दुसरीकडेच, हा उद्योग करूं नये. मुक्कामाचे कागद व अर्ज जुळत नाहींत आणि तेथेंच संशय उत्पन्न होतो.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधींपासून करतां येतो, आणि निदान १५ दिवस आधीं तो झालाच पाहिजे. निकाल साधारणपणें १५ दिवसांत लागतो, पण चौकशी निघाल्यास ४५ दिवसही जातात. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतील असावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने त्याची मुदत उरावी, व त्यांत दोन पानें कोरीं असावींत. प्रवासांतील आजारपणासाठीं निदान ३०,००० युरोंचा विमा लागतो. ११ जून २०२४ पासून प्रौढाची फी ९० युरो झाली आहे; अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाहीं. प्रथम अर्ज करणाऱ्यानें बोटांचे ठसे देण्यास जातीनें जावें लागतें. पुढें ५९ महिनेपर्यंत तेच ठसे चालतात. वकिलातींच्या वतीनें अर्ज घेणारीं केंद्रें मुंबई, हैदराबाद अशा मोठ्या शहरीं आहेत. आपल्या बाजूच्या लोकांस हैदराबाद जवळ पडतें. तथापि तेथें आपला अर्ज घेतला जाईल कीं नाहीं, हें आधीं पाहूनच गाडींत बसावें.

यापुढील भाग महत्त्वाचा आहे. अर्ज पाहणाऱ्या अंमलदाराच्या मनांत मुख्यतः दोन प्रश्न असतात. पहिला: हा गृहस्थ आपला खर्च स्वतः करूं शकेल काय? दुसरा: हा मुदतींत आपल्या घरीं परत जाईल काय? नोकरदारास उत्तर सोपें असतें. त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या दर महिन्याच्या, आयकराचें विवरण वर्षाचें, आणि कचेरीनें दिलेलें रजेचें पत्र म्हणजे परतण्याची हमी. शेतकऱ्याचें तसें नाहीं. शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त असल्यामुळें बहुतेकांनीं विवरण भरलेलेंच नसतें. पैसा वर्षांतून एकदां दोनदां येतो. कांहीं रोखीनें येतो व रोखीनेंच जातो. रजा देणारा धनी कोणी नाहीं. म्हणून या दोन प्रश्नांचीं उत्तरें शेतकऱ्यानें आपल्या कागदांतून जुळवून द्यावीं लागतात.

जमिनीसाठीं सातबारा व आठ-अ हे दोन उतारे द्यावे. गांव नमुना ७ हा हक्काचा, १२ हा पिकांचा, व ८-अ हा खातेदाराच्या एकूण जमिनीचा. हे उतारे मराठींत असतात. परक्या अंमलदारास त्यांतील ‘भोगवटादार वर्ग १’ हें कळण्याचा संभव नाहीं. म्हणून त्यांचें इंग्रजी भाषांतर जाणत्या भाषांतरकाराकडून प्रमाणित करून जोडावें व क्षेत्र हेक्टर-आर यांत स्पष्ट लिहावें. एकर-गुंठे सांगावयाचे असल्यास १ हेक्टर म्हणजे सुमारें २.४७ एकर हेंही नमूद करावें. खातें सामाईक असेल तर आपला हिस्सा किती तें सांगावें. भावांच्या जमिनीवर आपली श्रीमंती दाखवूं नये. ‘इतर हक्क’ या रकान्यांत पीककर्जाचा बोजा असेल तर तो लपविण्याचें कारण नाहीं. पीककर्ज ही शेतीची चालू रीत आहे. तें फेडीत असल्याचा बँकेचा उतारा जोडला म्हणजे तोच बोजा आपल्या पतीचा पुरावा होतो.

उत्पन्नासाठीं बाजार समितींत माल विकल्याच्या पट्ट्या, साखर कारखान्याचीं उसाचीं बिलें, दूध संघाचे हिशेब, आणि तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला, यांपैकीं जें जें खरें असेल तें जोडावें. शेतीखेरीज दुकान, भाडें वा निवृत्तिवेतन असेल व त्यावर विवरण भरलें असेल तर तेंही द्यावें. या सर्वांचा बँकेच्या उताऱ्याशीं मेळ बसला पाहिजे. समजा, एका खातेदारानें दिवाळीच्या सुमारास ६० क्विंटल सोयाबीन लातूरच्या बाजारांत विकलें. अडत्याची पट्टी अमुक तारखेची, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत तितकीच रक्कम खात्यावर जमा. हें पाहून अंमलदाराचें समाधान होतें. उलट, सारें वर्ष खात्यांत दोन-पांच हजार, आणि अर्जाच्या आठवड्यांत एकदम पांच लाख जमा, असें दिसलें तर पैसा उसना आणून ठेवला आहे हें शेंबडें पोरही ओळखील. पाव्हण्याकडून वा सावकाराकडून रक्कम आणून खातें फुगविण्याची जी युक्ति कित्येक दलाल सांगतात, तीच अर्जास मारक होते.

येथें पीकपाण्याचा व अर्जाचा मेळ घालण्याची एक सोय आहे. अर्जासोबत बहुधा गेल्या तीन ते सहा महिन्यांचा बँकेचा उतारा मागतात. सोयाबीनचा पैसा आश्विन-कार्तिकांत येतो, तुरीचा पौष-माघांत. जो शेतकरी जानेवारी-फेब्रुवारींत अर्ज करतो, त्याच्या उताऱ्यांत हे पैसे आपोआप दिसतात. हरभऱ्याची काढणी आटोपून एप्रिलांत निघावें, तों हॉलंडांत ट्यूलिपच्या फुलांचा बहर असतो, आणि मृगाच्या पेरणीपूर्वीं घरीं यावें. तोच अर्ज आषाढ-श्रावणांत केला तर उताऱ्यांत नुसता बियाणें-खतांचा खर्च दिसेल, आणि ऐन हंगामांत हा शेतकरी शेत टाकून कसा निघाला, असा प्रश्नही कोणी विचारील.

अर्जासोबत एक पानाचें पत्र अवश्य लिहावें. त्यांत आपण कोण, जमीन किती, पिकें कोणतीं, कशासाठीं जातों, किती दिवस, खर्च कोण करणार, पाठीमागें शेत व जनावरें कोण सांभाळणार, आणि कोणत्या तारखेस कां परत येणार, हें साध्या वाक्यांत सांगावें. पत्नी, मुलें, वृद्ध आईबाप घरीं आहेत, आठ जूनच्या सुमारास पेरणी करावयाची आहे, हींच शेतकऱ्याचीं रजापत्रें होत. मुलाकडे उतरावयाचें असेल तर त्याचें निमंत्रणपत्र, त्याच्या राहण्याच्या परवान्याची नक्कल व नात्याचा पुरावा जोडावा. हॉलंडासारख्या देशांत यजमानास ठराविक नमुन्यावर सही करून ती तेथील नगरपालिकेंत प्रमाणित करून पाठवावी लागते. त्यास वेळ लागतो, सबब मुलास आधींच कळवावें.

अमेरिकेची रीत थोडी निराळी आहे. तेथें अर्ज भरून वकिलातींत समक्ष मुलाखत द्यावी लागते. तेथील १९५२ च्या कायद्यानें प्रवासी व्हिसा मागणारा मनुष्य कायमचा राहावयास येत आहे असेंच गृहीत धरिलें जातें. तसें नाहीं हें दाखविण्याचा भार अर्जदारावर असतो. मुलाखत बहुधा थोड्याच मिनिटांची असते, आणि पुष्कळदां कागद पाहिलेही जात नाहींत. म्हणून विचारलें तितक्याचेंच, थोडक्यांत व खरें उत्तर द्यावें. पाठ केलेलीं उत्तरें लगेच ओळखूं येतात.

आतां एक कडू गोष्ट. खोटी बँकपट्टी, खोटा नोकरीचा दाखला करून देतों म्हणणारे इसम सर्वत्र आहेत. ‘व्हिसाची खात्री’ देण्याचा अधिकार वकिलातीखेरीज कोणासही नाहीं. खोटा कागद पकडला गेला तर इंग्लंडांत १० वर्षांपर्यंत दार बंद होऊं शकतें; अमेरिकेंत जन्मभर. तसेंच प्रवासी व्हिसावर नेऊन कामास लावतों असें सांगून तरुणांस परदेशीं धाडणारेही असतात. प्रवासी व्हिसावर मजुरी करणें हा त्या देशांत गुन्हा आहे. तेथें पगार बुडाला तरी दाद मागण्यास तोंड उरत नाहीं. नोकरीसाठीं जाणाऱ्यानें १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालीं नोंदलेला भरतीदार कोण, हें सरकारी यादींत पाहूनच पाऊल टाकावें. जमीन गहाण ठेवून दलालाची भर करूं नये. मुदतीबाहेर राहण्याचाही विचार मनांत आणूं नये. युरोपांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशाच्या येण्याजाण्याची नोंद यंत्रांत ठेवण्यास आरंभ झाला आहे.

इतकें करूनही नकार आला तर खचून जाऊं नये. शेंगेन देश नकाराचीं कारणें छापील नमुन्यावर लेखी देतात व त्यावर अपील करतां येतें. पुष्कळदां अपिलापेक्षां उणीव भरून नवा अर्ज करणेंच सोईचें पडतें. मात्र कारण न वाचतां तेच कागद पुन्हा देणें म्हणजे पडक्या बांधावर पुन्हा पाणी सोडणें होय. आणि पुढें कोठेंही अर्ज करतांना पूर्वींचा नकार विचारला तर तो सांगावा. नकार हा दोष नव्हे, तो दडविणें हा दोष.

परदेशीं जाण्याचा योग दोन वर्षांनीं येवो कीं पांच वर्षांनीं, तयारीचें पहिलें काम घरच्या घरीं व बिनखर्ची आहे. वाचकांनीं या महिन्यांत आपला सातबारा, आधार व बँकेचें पुस्तक एका ठिकाणीं ठेवून तिन्हींवरील नांव अक्षरशः ताडून पाहावें, आणि यापुढें बाजाराची प्रत्येक पट्टी फाईलींत लावून ठेवावी. हे कागद व्हिसाच्याच नव्हे, तर कर्ज, पीकविमा व वारसा या कामींही उपयोगीं पडतील.